मुलाणी मॅडमची सही

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. एका पोलीस पंचनाम्यावर पंच म्हणून माझी सही आहे. कसबा पेठेतल्या एका दुकानाची झडती आम्हां पंचांसमक्ष झाली, टेबलाचा ड्रॉवर आमच्यासमक्ष उघडला, असं त्या कागदात लिहिलेलं आहे. त्या दिवशी मी त्या दुकानात पाऊलही टाकलं नव्हतं. मी पोलीस चौकीतल्या बाकावर बसलो, चहा प्यालो, शेवटच्या पानावर सही केली आणि वाघोलीची बस पकडली. त्या कागदावर एक माणूस दोन महिने अकरा दिवस तुरुंगात राहिला.

त्याच बाकावर माझ्या शेजारी आणखी एक व्यक्ती बसलेली होती. तिनं सही केली नाही. मला लिहायचंय ते तिच्याविषयी. माझं जे आहे ते मधेमधे येईल, त्याला इलाज नाही.

शमीम मुलाणी आमच्या कार्यालयात मुख्य लिपिक होत्या. कार्यालय कोणतं ते सांगत नाही. सरकारी, दुसऱ्या मजल्यावरचं, जिन्यात पानाच्या पिचकाऱ्या असलेलं. मॅडम बुटक्या, सुती साडीतल्या, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला. जन्म कसब्यातला आणि सासरही कसब्यातलंच. माहेरून सासरी चालत सहा मिनिटं. "पाठवणीला आई रडायला लागली," त्या सांगायच्या, "मी म्हटलं, अगं, दूध उतू गेलं तर इथून वास येईल."

त्यांच्या टेबलावर सहा इंची स्टीलची पट्टी असायची. कोणताही कागद आला की चष्मा चढायचा, पट्टी पहिल्या ओळीखाली जायची, आणि मग ओळीओळीनं खाली सरकायची. बोनसचं परिपत्रक असो की कँटीनचं दरपत्रक. वाचून झालं की सहीच्या वर बारीक अक्षरात एक शब्द लिहायच्या, 'वाचले', आणि त्याखाली सही. आवडलं, पटलं, मान्य आहे, यातलं काही नाही. नुसतं वाचले.

याचा आम्हां सगळ्यांना वैताग होता. कुरियरवाला मुलगा त्यांच्या टेबलाशी आला की आम्ही एकमेकांकडे बघायचो. तो मोबाइल पुढे करून म्हणायचा, "मॅडम, इथं बोटानं सही." त्या म्हणायच्या, "बोटानं करते. पण वरती इंग्रजीत काय लिहिलंय ते मोठं करा आधी." त्या मुलालाच ते मोठं कसं करायचं ते माहीत नसायचं. दोघं मिळून शोधायचे. एकदा त्यात 'वस्तू सुस्थितीत मिळाली' असं निघालं, आणि मॅडमनी खोकं त्याच्यासमोर उघडून, आतला स्टेपलर दोनदा चालवून बघितला, मग बोट टेकवलं.

ही खोड लग्नापासूनची. ती गोष्ट त्यांचे यजमान इक्बालभाई सांगायचे, आणि मॅडम शेजारी बसून शेंगा सोलत ऐकायच्या. निकाहनामा सहीला पुढे आला तेव्हा नवरीनं तो मागून घेतला आणि वाचायला लागली. वीस मिनिटं. बाहेर मंडळी खोळंबली, बिर्याणी निवायला लागली. काझीसाहेब म्हणाले, "बेटी, एवढं कोणी वाचत नाही." ही म्हणाली, "म्हणून तर वाचतेय." इक्बालभाई इथे थांबायचे आणि आमच्याकडे बघायचे. "वीस मिनिटं मी घामाघूम. म्हटलं, ही आता नाही म्हणते. तेव्हापासून आजतागायत मला खात्री आहे, की हिनं मला वाचून केलेलं आहे."

इक्बालभाईंचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. ते गेले त्या वर्षी मॅडमनी रजेचा अर्ज लिहिला, त्यावरसुद्धा 'वाचले' लिहून सही केली. स्वतःच लिहिलेल्या अर्जावर. सवयीनं झालं, का त्यांना खरंच पुन्हा वाचून बघावं लागलं, कोण जाणे.

दर वर्षी संविधान दिनाला आमच्याकडे सगळे कर्मचारी पॅसेजमध्ये उभे राहून उद्देशिका म्हणतात. साहेब पुढे म्हणतात, आम्ही मागून. बहुतेकांना पाठ आहे, त्यामुळे घाईत होतं. एका वर्षी तर दीड मिनिटाच्या आत आम्ही सगळे चहाला मोकळे. मॅडम तेवढ्या कागद हातात धरून, पट्टी लावून म्हणत होत्या आणि दोन ओळी मागे राहिल्या होत्या. सगळे थांबलेले, आणि त्यांचा एकटीचा आवाज. साहेब म्हणाले, "मॅडम, इतक्या वर्षांत पाठ नाही झालं?"

"झालंय ना," त्या म्हणाल्या. "पाठ झालेलं माणूस वाचत नाही. म्हणून कागद आणला."

नंतर चहा पिताना मी त्यांना म्हटलं, हे असलं सगळं वकिलांनी आणि पुढाऱ्यांनी बघायचं, आपण कारकून माणसं. त्या म्हणाल्या, "रणपिसे, पुण्यात राहता ना? दारावरच्या पाट्या वाचता ना? बेल एकदाच वाजवा, काम काय ते बाहेरून सांगा, बोलावल्याशिवाय आत येऊ नका. घटना म्हणजे तुमच्याआमच्या दारावर सरकारसाठी लावलेली तशी पाटी आहे. फरक एवढाच, की पाहुणा पाटी वाचत नाही. आणि तो पाहुणा म्हणजे आपणच. सकाळी दहा ते सव्वासहा." मग बिस्किट चहात बुडवलं. "म्हणून आपण जास्त वाचायची."

कार्यालयाच्या कंपाउंड भिंतीला टेकून एका बाईची वडापावची टपरी होती. ती काढायची ठरलं. साहेबांनी मजकूर तोंडी सांगितला, मॅडमनी लिहून घेतला आणि विचारलं, "तिचं म्हणणं ऐकायला कधी बोलावू?"

"तिचं कसलं म्हणणं? भिंत आपली आहे."

"भिंत आपली, साहेब. म्हणणं तिचं."

त्या बाईला बोलावलं. ती साहेबांसमोर खुर्चीवर बसायला तयार नव्हती, मॅडमनी बसवलं. दहा मिनिटं ती बोलली. टपरी गेलीच, पण तिच्या मुलीची परीक्षा होईपर्यंत, वीस दिवसांनी गेली. मला वाटलं होतं मॅडम खट्टू होतील. त्या म्हणाल्या, "ऐकून घ्यायचं म्हणजे मान्य करायचं असं नाही. पण न ऐकता उचलायची तर मग आपण आणि चोर यांत फरक काय, आपला जावक क्रमांक असतो इतकाच."

हे असं बोलणं मी वीसेक वर्षं शेजारच्या टेबलावरून ऐकत होतो. मला आवडायचं. घरी जाऊन बायकोला सांगायचो. ऐकून माणसात काही फरक पडतो असा माझा समज होता.

आता विलास दळवी. कसब्यात बोळाच्या तोंडाशी त्यांचं रबरी शिक्के करायचं दुकान. दोन माणसं उभी राहिली की तिसरं बाहेर. सरकारी कार्यालयांचे गोल शिक्के ते करायचे, आमचेही. या धंद्यातली त्यांची एक रीत होती: लेटरहेडवरचं पत्र आल्याशिवाय सरकारी शिक्का करायचा नाही, आणि शिक्का तयार झाला की त्याच पत्रात गुंडाळून, वर रबर बँड लावून ड्रॉवरमध्ये ठेवायचा. न्यायला माणूस आला की पत्र उलगडून त्याच्यासमोर एक ठसा उमटवायचा, मग शिक्का द्यायचा आणि पत्र आपल्या फाइलला. मी कितीतरी वेळा तो रबर बँड सुटताना बघितलाय. कारण शिक्के टाकायला आणि आणायला मीच जायचो.

त्या वर्षी आमचा गोल शिक्का झिजला. पत्र घेऊन मी दळवींकडे गेलो. आठ दिवसांनी या, म्हणाले. आठ दिवसांनी मला कंटाळा आला. पुढच्या आठवड्यात पाऊस होता. असे तीन आठवडे गेले.

त्या सुमारास शहरात खोट्या दाखल्यांचं एक प्रकरण उघडकीला आलं होतं आणि पोलीस शिक्केवाल्यांच्या मागे लागले होते. एका दुपारी आमच्या साहेबांना पोलिसांचं पत्र आलं: पंच म्हणून दोन कर्मचारी पाठवावेत. हा रिवाज सरकारी नोकरांना चांगला माहीत आहे. पोलिसांना झडती घ्यायची तर दोन त्रयस्थ माणसं साक्षीला लागतात, आणि सरकारी नोकर नंतर पळून जात नाही. पंच व्हायला कोणी राजी नसतं, पुढे वर्षानुवर्षं कोर्टाच्या तारखा लागतात. साहेबांना नको असलेली दोन माणसं जातात. मॅडम नको होत्या म्हणून, आणि मला नाही म्हणता येत नाही म्हणून, अशी आमची जोडी निघाली. कोणाकडे झडती आहे ते पत्रात नव्हतं.

चालतच गेलो. वाटेत मी कुरकुर करत होतो. मॅडम म्हणाल्या, "कटकट आहे खरी. पण बघा ना, केवढी गंमत आहे. एवढं मोठं सरकार, बंदुका, गाड्या, पण कोणाच्या घरात शिरायचं तर त्याचे स्वतःचे डोळे चालत नाहीत. बाहेरचे चार उसने आणावे लागतात. त्यातले दोन तुमचे. नीट पुसून घ्या."

चौकीत पोहोचलो तर झडती होऊन गेली होती. फौजदार तरुण होता, दमलेला दिसत होता, उद्धट मुळीच नव्हता. आम्हांला बाकावर बसवलं, चहा मागवला. तासाभरानं चहा आला आणि त्याच्यामागून एक हवालदार एकच पान घेऊन आला, त्यावर दुकानातला ड्रॉवर पंचांसमक्ष उघडला अशा चार ओळी, दुकान कोणाचं ते नाही, आणि खाली सह्यांची जागा.

"मॅडम, इथं. साहेब, तुम्ही इथं."

मॅडमनी चष्मा चढवला. पट्टी पर्समध्ये असायचीच. "आधीची पानं?"

"ती आत आहेत. नेहमीचाच मजकूर असतो."

"शेपटावर सही मी करत नाही. आधी तोंड दाखवा."

हवालदार हसला, पण आत जाऊन फौजदाराला घेऊन आला. फौजदार म्हणाला, "मॅडम, वेळ होता कुठे? माल हलला असता. तुम्हांला यायला उशीर झाला."

"पत्र तीनला मिळालं, आम्ही सव्वातीनला इथे होतो. पण राहू दे. आता चला, दुकान दाखवा, ड्रॉवर दाखवा, मी आत्ता काय बघितलं ते लिहिते."

"दुकान सील केलंय."

"मग मी काहीच बघितलेलं नाही," त्या म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "जे बघितलं नाही त्यावर सही केली, तर मी कशाला हवी, तुमचा शिपाई आहेच की."

"सरकारी नोकर आहात ना? तुमच्या साहेबांना फोन करू?"

"करा. नंबर देऊ?"

त्या उठल्या. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "चला, रणपिसे." मी म्हटलं, चहा संपवून आलोच. त्या पुढे झाल्या. जिना उतरताना त्यांच्या चपलांचा आवाज मला ऐकू येत होता. फौजदार माझ्याशेजारी बसला आणि म्हणाला, "काका, मला घरी जाऊ द्या हो. दोन दिवस झोपलो नाहीये." धमकी नाही, काही नाही. अर्धा कप चहा उरला होता. मी सही केली. मॅडमच्या जागेवर समोरच्या पानवाल्यानं केली; त्याचा हात इतका बसलेला होता, की त्याला कुठे करायची ते दाखवावं लागलं नाही.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी विचारलं, "लवकर सोडलं का तुम्हांला?" मी म्हटलं, "हो, मीही नाही केली." त्या "बरं केलंत" म्हणाल्या आणि त्यांच्या डब्यातली एक शेवयांची वडी माझ्या झाकणात ठेवली.

तीन आठवड्यांनी एक बाई कार्यालयात आली. मूळची धायरी गावातली, हातात कापडी पिशवी. सुनंदा दळवी. सरळ मॅडमच्या टेबलाशी गेली.

"शिक्का तुमचाच हाय, मॅडम. तुमीच पत्र दिलं व्हतं. ह्यांनी करून ठिवला, न्यायला कोन आलंच न्हाई. आता पोलीस म्हनत्यात, खोटा शिक्का घावला. असे तीन घावले म्हनत्यात. तिन्हीबी पत्रावरचेच हायेत. पत्रं कुठं गेली इचारलं तर म्हनत्यात, नव्हतीच."

मी समोर बघितलं नाही. मला रबर बँड दिसत होता. ड्रॉवर उघडणाऱ्यानं आधी पत्र उलगडल्याशिवाय शिक्का हाती लागूच शकत नव्हता. ते जर मी बघितलं असतं, नुसतं त्या दुकानात उभा राहून बघितलं असतं, तर आमचं लेटरहेड मला दहा फुटांवरून ओळखू आलं असतं.

मॅडम साहेबांकडे गेल्या. साहेब म्हणाले, पोलीस केस आहे, आपण लेखी काही द्यायचं नाही. मॅडम बाहेर आल्या आणि मला म्हणाल्या, "रणपिसे, हे कपाट जरा सरकवा."

शिपाई आणि मी मिळून ते लोखंडी कपाट हलवलं. मागे भिंतीवर माहितीच्या अधिकाराचा फलक होता, धुळीनं भरलेला. तो तिथे आहे हेच मी विसरलो होतो. मॅडमनी पदरानं पुसला. "सुनंदाबाई, मी कर्मचारी आहे, तुम्ही काय करा ते मी सांगू शकत नाही. भिंत मात्र कोणीही वाचू शकतं." आणि पट्टी एका ओळीखाली धरली. माणसाच्या जीविताचा किंवा स्वातंत्र्याचा प्रश्न असेल तर माहिती अठ्ठेचाळीस तासांत द्यायची, अशी ती ओळ.

सुनंदाबाईंनी तिथेच, स्टुलावर बसून अर्ज लिहिला. साहेब म्हणाले, "तीस दिवस असतात."

"माणूस आत आहे, साहेब. दोनच दिवस."

"तुम्ही त्यांच्या बाजूच्या का आमच्या?"

"मी जावक नोंदवहीच्या बाजूची."

साहेबांनी सही केली. त्यांनाही नंतर अडचण नको होती. तिसऱ्या दिवशी सकाळी सुनंदाबाईंना आमच्या पत्राची आणि नोंदवहीच्या पानाची प्रत मिळाली. पत्र कोणी नेलं त्या रकान्यात माझी सही होती. निदान ती तरी खरी होती.

त्या कागदावर जामीन लगेच मिळाला नाही. तारखा पडल्या, वकील बदलला, पण शेवटी मिळाला तो त्याच कागदामुळे. तीन शिक्क्यांतला एक खरा ठरतोय तर बाकीच्यांविषयीही शंका घ्यायला जागा आहे, असं काहीसं कोर्टानं म्हटलं, असं सुनंदाबाई सांगत होत्या. बाकीच्या दोन कार्यालयांनी पत्रं सापडत नाहीत असं कळवलं. त्यामुळे खटला चालूच राहिला. दळवी बाहेर आले तेव्हा दुकानाची जागा गेली होती, आणि शिक्का कोरताना त्यांचा हात थरथरायला लागला होता. आता ते धायरीत मेव्हण्याच्या झेरॉक्सच्या दुकानात बसतात.

दोषारोपपत्राची प्रत घेऊन सुनंदाबाई एकदा पुन्हा आल्या होत्या. मॅडमनी पंचनामा वाचायला घेतला. पट्टी हळूहळू खाली येत होती. मी समोर बसून जुन्या पाकिटांवरचे स्टेपल काढत होतो. 'कोणतेही पत्र अगर कागद मिळून आला नाही' ही ओळ त्यांनी मोठ्यानं वाचली. मग शेवटचं पान. पट्टी तळाशी आली आणि थांबली. तिथे वाचायला काही उरलेलं नव्हतं, दोन नावं आणि दोन सह्या. बराच वेळ ती पट्टी तिथेच होती.

मग त्यांनी कागदाची घडी घातली, सुनंदाबाईंना परत दिला आणि म्हणाल्या, "रणपिसे, चहा सांगा. तीन."

बस. त्यानंतर त्यांनी तो विषय काढला नाही, त्या दिवशी नाही, त्या वर्षी नाही, कधीच नाही. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं असं मी अनेकदा म्हणतो, पण तेही खरं नाही. रागावल्या नाहीत म्हणून मला सुटल्यासारखं वाटलं होतं. डब्यातली वडी माझ्या झाकणात येत राहिली.

मॅडमची बदली झाली, शहराबाहेरच्या शाखेत. निवृत्तीला दीड वर्ष राहिलेलं, दोन बस बदलून जायचं. बदलीच्या आदेशावर त्यांनी 'वाचले. कारण दिसले नाही.' असं लिहून सही केली. एरवीपेक्षा तीन शब्द जास्त.

निवृत्तीनंतर त्या धायरीला मुलाकडे राहायला गेल्या. दोन वर्षांपूर्वीच्या नोव्हेंबरात मुलाचा, इम्रानचा, फोन आला. "काका, अम्मीचा हयातीचा दाखला भरायचाय. ओळखणाऱ्या सरकारी नोकराची सही लागते. अम्मी म्हणते, रणपिसेंनाच बोलव."

माझ्याच कार्यालयात अजून पाच जण होते त्यांना ओळखणारे.

रविवारी गेलो. मॅडमची नजर गेली होती. पूर्ण नाही, मधला भाग दिसत नाही, कडेकडेनं दिसतं, असं इम्राननं सांगितलं. त्या पलंगावर बसल्या होत्या, चष्मा गळ्यात होता, उपयोग नसला तरी. "आलात? बसा. जाड झालात का हो? आवाज तसा येतोय."

मी फॉर्म त्यांच्यापुढे धरला आणि कुठे सही करायची तिथे बोट ठेवलं. त्या हात मागे घेऊन बसल्या.

"वाचा."

"मॅडम, छापील आहे सगळं. तुम्ही हयात आहात, एवढंच."

"मग तेवढंच वाचा. इम्रान, यांना पट्टी दे."

सहा इंची पट्टी. आकडे पुसून गेले होते. मी ती पहिल्या ओळीखाली ठेवली आणि वाचायला लागलो. नाव, पेन्शन क्रमांक, पत्ता. एक ओळ मी भराभर म्हटली तर म्हणाल्या, "परत." शेवटी साक्षीदाराचा मजकूर आला: वरील व्यक्तीस मी प्रत्यक्ष पाहिले असून तिने माझ्यासमक्ष सही केली आहे. पट्टी मी तिथेच धरून ठेवली. मॅडम माझ्याकडे बघत नव्हत्या, त्यांना कडेनं बघावं लागायचं, म्हणून तोंड खिडकीकडे होतं. म्हणजे मला बघतच होत्या.

"झालं?"

"झालं."

"सगळं वाचलंत ना? मधलं काही गाळलं नाही?"

"नाही, मॅडम."

"बरं." मी बोट ठेवलं तिथे त्यांनी पेन टेकवलं. आयुष्यात पहिल्यांदा त्या न वाचता सही करत होत्या. थांबल्या, थोडं वर सरकल्या, आणि वाकड्या अक्षरात लिहिलं: 'ऐकले'. मग सही.

"आता तुमची. मी हयात आहे, बघितलंत ना?"

"बघितलं."

"मग करा. तुमचे डोळे उसने घेतलेत आज."

मी सही केली. त्या पेनाचं टोपण चाचपत होत्या, मी हातात दिलं. मग सहज विचारावं तसं म्हणाल्या, "दळवींचं कुठवर आलंय?"

"तारखा पडतायत."

"पडतील. मला नाही बोलावणार. माझी सही नाही तिथे." टोपण लावलं. "ज्यांची आहे त्यांना बोलावतील."

"हो," मी म्हटलं.

एवढं एकच अक्षर. खोलीत इम्रान नव्हता, तो चहा आणायला गेला होता. पाच मिनिटं तरी आम्ही दोघंच होतो. सांगायला पाच मिनिटं पुष्कळ असतात. मी त्यांच्या खिडकीतल्या कढीपत्त्याच्या कुंडीविषयी विचारलं. त्यांनी मला कढीपत्ता कसा लावतात ते सांगितलं.

निघालो, खाली उतरलो. वर बघितलं तर मॅडम गॅलरीत कठड्याला धरून उभ्या, आणि हात हलवत होत्या. मी फाटकाच्या डावीकडे होतो. त्या उजवीकडे बघून हात हलवत होत्या, तिथे एक रिक्षा उभी होती आणि कोणी नव्हतं. हाक मारावी असं वाटलं, पण मारली नाही. मी चालत जाऊन त्या रिक्षापाशी उभा राहिलो आणि हात वर केला. त्या आणखी थोडा वेळ हलवत राहिल्या. मग आत गेल्या.

पुढच्या नोव्हेंबरचा दाखला भरावा लागला नाही.

गेल्या आठवड्यात मला समन्स आलं. पंच क्रमांक एक. पुढच्या महिन्यात साक्ष आहे. पानवाला केव्हाच वारला, म्हणजे मी एकटाच उरलोय. सरकारी वकिलाच्या कार्यालयातून फोन होता, काळजी करू नका, पंचनामा दाखवतील, सही माझीच आहे एवढं म्हणायचं. माझी निवृत्ती तीन वर्षांवर आहे. खरं बोललो तर चौकशी लागेल, आणखी काय होईल मला माहीत नाही. समन्स मी पट्टी लावून वाचलं, घरातली प्लास्टिकची. पोच द्यायची होती तिथे सहीच्या वर 'वाचले' असं लिहिलं. शिपायानं विचारलं, हे काय? मी म्हटलं, काही नाही.

विलास दळवींना आणि मुलाणी मॅडमना मी एक वाक्य देणं लागतो. शपथेवर, कोर्टात, ऐकू जाईल अशा आवाजात: सही माझी आहे, पण मी त्या दुकानात नव्हतो. ते मी अजून दिलेलं नाही.